'मुंबई' नावाची विनाशिका

(व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)

मागच्या वेळी आपण मुंबई गोदीतल्या सागवानी जहाजांपाशी थांबलो होतो. लवजी वाडिया सुरतेहून आले, त्यांच्या घराण्याने इंग्रजांच्या आरमारासाठी जहाजं बांधली आणि त्यांतलं 'त्रिंकोमाली' हे १८१७ सालचं जहाज आजही इंग्लंडात हार्टलपूलला पाण्यावर उभं आहे, इथपर्यंत आपण आलो होतो. आज जवळपास दोनशे वर्षं ओलांडायची आहेत, पण जागा मात्र फारशी सोडायची नाही. त्याच किनाऱ्याने थोडं उत्तरेला सरकलं की माझगाव येतं. तिथे बांधलेल्या एका युद्धनौकेची ही कथा आहे. आयएनएस मुंबई, क्रमांक डी ६२.

या जहाजाने कुठलीही मोठी लढाई मारलेली नाही, हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे तोफांचा धडधडाट ऐकायला आलेल्यांची थोडी निराशा होईल. पण आम्हांला हेच जहाज निवडावंसं वाटलं. युद्धनौकेच्या पंचवीस वर्षांच्या आयुष्यात नेमकं काय काय होतं, हे या एका जहाजावरून जितकं नीट दिसतं तितकं नावाजलेल्या लढाऊ जहाजांवरून दिसत नाही.

आता शब्दाचं बघू. 'विनाशिका' हा डिस्ट्रॉयरचा मराठी प्रतिशब्द. ऐकायला भारी आहे; सर्वनाश करणारी कोणी देवता असावी असं वाटतं. मूळ इंग्रजी शब्दाचा जन्म मात्र अगदी व्यावहारिक गरजेतून झाला. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी टॉर्पेडो, म्हणजे पाणतीर, हे नवं हत्यार आलं. पाणतीर घेऊन सुसाट धावणाऱ्या चिमुकल्या बोटी अजस्र जहाजांना बुडवू शकतील अशी धास्ती सगळ्या आरमारांनी घेतली. तेव्हा या बोटींना गाठून संपवणारी, त्यांच्याहून थोडी मोठी आणि तितकीच वेगवान जहाजं बांधली गेली. त्यांचं नाव 'टॉर्पेडो बोट डिस्ट्रॉयर'. पुढे पहिले दोन शब्द गळून पडले आणि नुसतं डिस्ट्रॉयर उरलं. ब्रिटिश आरमाराचं १८९३ सालचं 'हॅवॉक' हे या जातीतलं अगदी सुरुवातीचं जहाज, वजन अडीचशे टनांच्या आसपास. आपली 'मुंबई' भरते सुमारे ६,७०० टन. नाव तेच राहिलं, प्राणी बदलला.

म्हणजे मूळ काम काय होतं? मोठ्या जहाजांच्या अवतीभवती राहून त्यांचं रक्षण करायचं. राखणदाराचं काम. पाणतीर बोटींच्या जागी पुढे पाणबुड्या आल्या, विमानं आली, क्षेपणास्त्रं आली, पण राखणदारी सुटली नाही. हा मुद्दा लक्षात असू द्या, पुढे लागणार आहे.

स्वातंत्र्यानंतर आपल्याकडे विनाशिका आल्या त्या ब्रिटिशांनी वापरलेल्या. १९४९ मध्ये 'राजपूत', 'रणजित' आणि 'राणा' ही तीन जहाजं आली, तिन्ही दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश आरमाराकडे राहून आलेली. १९८० पासून सोव्हिएत बनावटीच्या विनाशिका येऊ लागल्या. पहिलीचं नाव पुन्हा 'राजपूत'च. ती ४ मे १९८० रोजी जॉर्जियातल्या पोती बंदरात नौदलात दाखल झाली. म्हणजे तीसेक वर्षं विकत घेणं चालूच होतं.

दुसरीकडे माझगावला स्वतः बांधण्याचा खटाटोप चालला होता. माझगाव गोदी सरकारने १९६० मध्ये ताब्यात घेतली. 'निलगिरी' ही फ्रिगेट, आराखडा ब्रिटिशांचा पण बांधणी इथली, १९७२ मध्ये नौदलात आली. मग १९८३ मध्ये 'गोदावरी'. 'गोदावरी' आमच्या मते या सगळ्या इतिहासातलं सर्वांत धाडसी जहाज. कारण ब्रिटिश वळणाच्या सांगाड्यावर सोव्हिएत क्षेपणास्त्रं बसवायची आणि त्यांना इतर देशांच्या आणि भारतीय बनावटीच्या यंत्रणांशी बोलायला लावायचं, हा उद्योग जगात फारसा कोणी केलेला नव्हता. दोन घराण्यांच्या स्वयंपाकघरातली भांडी एकाच मांडणीवर लावण्यासारखं ते काम होतं. झाकणं एकमेकांना बसत नाहीत. आपल्या अभियंत्यांनी ती बसवली. त्या अनुभवातून पुढचं पाऊल टाकायचं ठरलं, त्याचं नाव 'प्रकल्प १५'.

सुरुवातीला कल्पना 'गोदावरी'ची वाढीव आवृत्ती काढण्याची होती. पण सोव्हिएत संघाकडून नवी शस्त्रं मिळण्याची शक्यता दिसू लागली तसतसा आराखडा बदलत गेला आणि जहाज फुगत गेलं. शेवटी लांबी झाली १६३ मीटर. मुंबईकरांसाठी सांगायचं तर लोकलचे साडेसात डबे एकापुढे एक लावले की तेवढी लांबी होते. चार गॅस टर्बाइन, म्हणजे विमानाच्या इंजिनाचे जहाजावरचे भाऊबंदच म्हणा. पुढे १०० मिलिमीटरची तोफ, शत्रूच्या जहाजांवर डागायला सोळा 'युरान' क्षेपणास्त्रं, विमानांविरुद्ध 'श्तिल' क्षेपणास्त्रं, पाणबुड्यांसाठी पाणतीर आणि रॉकेटं, मागे दोन हेलिकॉप्टर ठेवण्याची सोय. या जातीची तीन जहाजं ठरली: 'दिल्ली', 'म्हैसूर' आणि 'मुंबई'.

'दिल्ली'चा कील, म्हणजे जहाजाचा तळचा कणा, १९८७ मध्ये घातला गेला. फेब्रुवारी १९९१ मध्ये तिचं जलावतरण झालं. आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात सोव्हिएत संघ नावाचा देशच राहिला नाही.

इथे जरा थांबू या, कारण हा प्रसंग पाठ्यपुस्तकात दोन ओळींत संपतो आणि माझगावला मात्र तो अनेक वर्षं पुरला. सोव्हिएत व्यवस्थेत एका जहाजाचे भाग निरनिराळ्या प्रजासत्ताकांत बनत. टर्बाइन बनत युक्रेनमधल्या मायकोलायव्ह शहरात. क्षेपणास्त्रं, तोफा, रडार यांचे कारखाने मुख्यतः रशियात. डिसेंबर १९९१ पर्यंत हे सगळं एका देशाचं, एका मंत्रालयाचं, एका कराराचं काम होतं. जानेवारी १९९२ मध्ये ते दोन परक्या देशांत वाटलं गेलं. रुपया-रुबल व्यवहाराची घडी विस्कटली. कारखान्यांना कच्चा माल मिळेना, कामगारांना पगार मिळेना. मुंबईत लोखंडी सांगाडा पाण्यात तरंगतो आहे, तो पूर्ण करायला लागणारी यंत्रं हजारो किलोमीटरवर अडकली आहेत, आणि पत्र लिहायचं तर कोणाला, इथपासून प्रश्न. 'दिल्ली' नौदलात दाखल झाली ती १५ नोव्हेंबर १९९७ रोजी. कील घातल्यापासून दहा वर्षं. 'म्हैसूर' जून १९९९ मध्ये आली.

या विलंबाबद्दल गोदीवर आणि नौदलावर टीका पुष्कळ झाली. काही रास्तही होती. आपल्याकडे मध्येच आराखडा बदलायची सवय जुनी आहे. पण पुरवठा करणारा देशच नकाशावरून पुसला गेला ही अडचण कोणत्या वेळापत्रकात धरता येते? आम्हांला तर ती तीन जहाजं पुरी झाली याचंच अधिक आश्चर्य वाटतं. आणि एक गोष्ट बघा. रशियाची शस्त्रं आणि युक्रेनची इंजिनं एकाच पोलादी पोटात घेऊन हे जहाज आजही चालतं. २०२२ मध्ये मायकोलायव्ह शहरावर रशियन क्षेपणास्त्रं पडत होती, तेव्हा त्या दोघांची जुनी संयुक्त निर्मिती भारताच्या किनाऱ्यावर गुण्यागोविंदाने नांदत होती. आपल्या नंतरच्या विनाशिकांचीही टर्बाइन युक्रेनचीच आहेत. त्यामुळे त्या युद्धाची झळ आपल्या गोद्यांना लागणारच होती.

आता तिसऱ्या जहाजाकडे येऊ. 'मुंबई'चा कील घातला गेला डिसेंबर १९९२ मध्ये. मुंबईकरांना तो महिना वेगळा सांगायला नको. शहर दंगलीत जळत होतं, आणि तीन महिन्यांनी, १२ मार्च १९९३ रोजी, बॉम्बस्फोट झाले. त्या काळात माझगावला येणारा कामगार कोणत्या रस्त्याने येत असेल, घरून निघताना काय मनात धरून निघत असेल, याची नोंद कुठल्या जहाजाच्या इतिहासात नसते. जलावतरण झालं २० मार्च १९९५ रोजी. त्याच महिन्यात महाराष्ट्रात सत्ता पालटली, आणि त्याच वर्षी शहराचं अधिकृत इंग्रजी नाव 'बॉम्बे' जाऊन 'मुंबई' झालं.

नावावरून आठवलं. भारतीय आरमारात 'बॉम्बे' नावाचं एक जहाज आधी होऊन गेलं होतं. दुसऱ्या महायुद्धात ऑस्ट्रेलियात बांधलेलं, सुरुंग काढणारं छोटं जहाज. १९४२ च्या एप्रिलमध्ये ते दाखल झालं आणि महिनाभरात, ३१ मेच्या रात्री, जपानच्या बुटक्या पाणबुड्या सिडनी बंदरात घुसल्या तेव्हा ते तिथेच होतं. आपल्या शहराच्या नावाचं जहाज सिडनीच्या हल्ल्याचं साक्षीदार आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. असो.

जलावतरण म्हणजे जहाज तयार झालं असं अनेकांना वाटतं. नारळ फुटतो, फोटो निघतात, सांगाडा घसरत पाण्यात उतरतो. खरं काम त्यानंतर असतं. तेव्हा जहाज म्हणजे जवळजवळ रिकामी पेटी. मग वायरी, नळ, पंखे, रडार, शस्त्रं, स्वयंपाकघर, झोपायच्या फळ्या, आणि प्रत्येक गोष्टीची चाचणी. 'मुंबई'ला त्यासाठी जवळपास सहा वर्षं लागली. २२ जानेवारी २००१ रोजी ती नौदलात दाखल झाली.

वर्षाच्या आत संसदेवर हल्ला झाला आणि 'ऑपरेशन पराक्रम' सुरू झालं. दोन्ही देशांचं सैन्य सीमेवर समोरासमोर. 'मुंबई'ही त्या काळात अरबी समुद्रात सज्ज होती. युद्ध झालं नाही. त्याबद्दल अधिक सांगण्यासारखं नाही. तयार राहणं हेच तेव्हाचं काम होतं, आणि ऑक्टोबर २००२ मध्ये सैन्य मागे घ्यायचं ठरलं.

मग आलं २००६. जुलैमध्ये 'मुंबई', 'ब्रह्मपुत्रा', 'बेतवा' या युद्धनौका आणि तेलपुरवठा करणारी 'शक्ती' असा चार जहाजांचा ताफा भूमध्य समुद्रातल्या सदिच्छा भेटी आटोपून घराकडे निघाला होता. १२ जुलैला हिजबुल्लाने सीमेवर दोन इस्रायली सैनिकांना पकडून नेलं आणि इस्रायलने लेबनॉनवर हल्ला चढवला. बैरूतच्या विमानतळाच्या धावपट्ट्यांवर बॉम्ब पडले. दमास्कसकडे जाणारा रस्ता धोक्याचा झाला. समुद्रावर इस्रायली नौदलाची नाकेबंदी. लेबनॉनमध्ये तेव्हा हजारो भारतीय होते; बहुतेक घरकाम, बागकाम, कारखान्यांतली मजुरी करणारे. त्यांना बाहेर काढायला उरला तो समुद्र. ताफ्याला माघारी फिरण्याचा हुकूम मिळाला. मोहिमेचं नाव 'सुकून'.

तो समुद्र त्या आठवड्यात कसा होता, ते ऐका. १४ जुलैला बैरूतसमोर उभ्या असलेल्या 'हनित' या इस्रायली युद्धनौकेवर किनाऱ्यावरून जहाजभेदी क्षेपणास्त्र येऊन आदळलं. चार नौसैनिक मेले. 'हनित'वर क्षेपणास्त्रं पाडणारी 'बराक' प्रणाली होती, पण त्या वेळी ती चालू स्थितीत नव्हती. हिजबुल्लाकडे असं शस्त्र असेल असं कोणाला वाटलं नव्हतं. हीच 'बराक' प्रणाली भारतीय नौदलानेही घेतलेली होती, त्यामुळे आपल्याकडे ही बातमी कान टवकारून ऐकली गेली. आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत भारतीय जहाजं त्याच बंदरात शिरली. इस्रायलला मार्ग आणि वेळ कळवून, बैरूतच्या धक्क्यावर माणसं घ्यायची, सायप्रसमधल्या लार्नाका बंदरात सोडायची. अंतर दोनशे किलोमीटरच्या आसपास. लार्नाकाहून पुढे एअर इंडियाची विमानं. अशा फेऱ्या करत सुमारे २,२८० माणसं बाहेर आली. बहुतेक भारतीय, शिवाय श्रीलंकेचे आणि नेपाळचे लोक, आणि भारतीयांशी लग्न झालेले काही लेबनीज.

तेव्हा वर्तमानपत्रांत 'डंकर्कनंतरचं सर्वांत मोठं सागरी स्थलांतर' असं छापून आलं होतं, आणि ते वाक्य अजून फिरत असतं. आपण इतिहासाचे विद्यार्थी आहोत, तेव्हा ते सोडून द्यावं. डंकर्कहून तीन लाखांवर सैनिक हलवले गेले. १९७५ मध्ये सायगावहून निघालेल्यांची संख्याही खूप मोठी होती. इतकंच कशाला, त्याच जुलैत अमेरिकेने बैरूतहून आपले पंधरा हजारांच्या आसपास लोक काढले, त्यांतले पुष्कळ समुद्रमार्गेच. २,२८० हा आकडा स्वतःच्या बळावर पुरेसा आहे. त्याला उसन्या पागोट्याची गरज नाही. वाटेतून माघारी वळलेल्या चार जहाजांनी, घरापासून इतक्या दूर, मजूर वर्गातल्या माणसांना युद्धातून बाहेर आणलं.

नऊ वर्षांनी एडन.

एडनचं नाव घेताना मराठी माणसाला दोन गोष्टी आठवायला हव्यात. एक म्हणजे हे शहर जवळजवळ शतकभर मुंबईचंच होतं. १८३९ च्या जानेवारीत ते इंग्रजांनी घेतलं, तेही कंपनीच्या मुंबईतल्या आरमाराच्या पुढाकाराने, आणि १९३२ पर्यंत त्याचा कारभार मुंबई इलाख्यातून चालला. दुसरी आठवण वासुदेव बळवंत फडक्यांची. १८७९ मध्ये पकडल्यावर त्यांना एडनच्या तुरुंगात धाडलं. तिथूनही ते दार उखडून निसटले होते, पण पुन्हा सापडले; आणि १७ फेब्रुवारी १८८३ रोजी तिथेच त्यांचं निधन झालं. इथून निघून तिथे गेलेली आणि परत न आलेली माणसं या वाटेने पुष्कळ आहेत.

२०१५ च्या मार्च महिन्यात येमेनमध्ये हौथी बंडखोर एडनपर्यंत येऊन ठेपले. २६ मार्चला सौदी अरेबियाच्या नेतृत्वाखाली हवाई हल्ले सुरू झाले. येमेनमध्ये हजारो भारतीय होते, त्यांत केरळच्या परिचारिका मोठ्या संख्येने. 'राहत' ही मोहीम आखली गेली. चाचेगिरीविरुद्ध गस्त घालत असलेलं 'सुमित्रा' हे गस्ती जहाज सर्वांत जवळ होतं. ३१ मार्चला ते एडनच्या बंदरात शिरलं आणि ३४९ जणांना घेऊन आफ्रिकेच्या किनाऱ्यावर जिबूतीला पोचलं. त्याचे कप्तान होते कमांडर मिलिंद मोकाशी. त्यांना पुढे शौर्य चक्र मिळालं. दरम्यान 'मुंबई' आणि 'तरकश' मुंबईहून निघाल्या होत्या. 'कवरत्ती' आणि 'कोरल्स' या प्रवासी जहाजांना सोबत करायची आणि स्वतःही माणसं उचलायची, असं दुहेरी काम होतं. प्रवासी जहाजाला राखणदार लागतोच, कारण वाटेत सोमाली चाच्यांचा मुलूख.

४ एप्रिलला 'मुंबई' एडनसमोर पोचली. शहरात लढाई चालू, बंदराच्या परिसरात तोफगोळे पडताहेत. साडेसहा हजार टनांचं जहाज धक्क्याला लावणं म्हणजे आयतं निशाण. ते बाहेरच उभं राहिलं आणि लहान बोटींनी माणसं आणायला सुरुवात झाली. बायका, मुलं, म्हातारी माणसं, हातात एकेक पिशवी. हलत्या बोटीतून त्याहून उंच जहाजाच्या बाजूवर चढायचं. कोकणात होडीतून गलबतावर चढलेल्यांना हे किती जिकिरीचं असतं ते सांगायला नको. इथे मागून तोफांचे आवाज येत होते. त्या खेपेत ४४१ माणसं 'मुंबई'वर आली. त्यांतले भारतीय होते १७९. बाकीचे दुसऱ्या देशांचे. एकूण सतरा राष्ट्रीयत्वांचे लोक.

हा आकडा जरा बाजूच्या आकड्याशेजारी ठेवून बघा. 'मुंबई'वरची माणसं असतात चारशेच्या आसपास. म्हणजे त्या दिवशी जितके यजमान तितकेच पाहुणे, किंबहुना पाहुणे थोडे जास्तच. युद्धनौकेत रिकामी जागा नसते. नौसैनिक फळ्यांवर एकावर एक झोपतात, पाणी समुद्राच्याच पाण्यातून गाळून काढतात, जेवण पाळीपाळीने होतं. तिथे अचानक तेवढीच माणसं आणखी, त्यांत तान्ही मुलं. आणि हे सगळं शत्रूचा मारा होऊ शकतो अशा पाण्यात, म्हणजे तोफांवर आणि रडारवर माणसं तैनात ठेवून. जिबूतीला भारतीय वायुसेनेची सी-१७ विमानं पुढच्या प्रवासासाठी होती. 'राहत' मोहीम संपली तेव्हा ४,६४० भारतीय आणि एकेचाळीस देशांचे ९६० नागरिक येमेनमधून बाहेर पडले होते. अमेरिकेसह वीसाहून अधिक देशांनी आपल्या माणसांसाठी भारताकडे मदत मागितली होती.

इथे एक प्रश्न नेहमी विचारला जातो, आणि तो रास्त आहे. एवढा खर्च करून, सोळा क्षेपणास्त्रं लावून बांधलेलं जहाज जर माणसांची ने-आण करणार असेल, तर साधं प्रवासी जहाज का नको? गरीब देशाने विनाशिका बांधावी का? आम्ही या प्रश्नाला लष्करी बाणा दाखवून उत्तर देणार नाही. युद्धसामग्रीवरचा प्रत्येक रुपया शाळा-दवाखान्यातून येतो, हे खरंच आहे. पण बैरूत आणि एडन यांनी दाखवलं ते वेगळं. नाकेबंदीतून वाट मागताना समोरचा ऐकतो, कारण विचारणारं जहाज राज्यसंस्थेचं असतं आणि सशस्त्र असतं. घरापासून हजारो किलोमीटरवर ते आठवडेच्या आठवडे उभं राहू शकतं. आणि 'हनित'सारखा प्रसंग आला तर निदान झगडू शकतं. 'कवरत्ती' हे चांगलं जहाज होतं. पण तिला एडनच्या वाटेवर एकटं पाठवायला कोणी तयार नव्हतं. म्हणून मघाशी राखणदारी लक्षात ठेवा म्हटलं.

आता एका न दिसणाऱ्या भागाकडे. जहाज समुद्रात असतं तेव्हा बातमी होते, गोदीत असतं तेव्हा होत नाही. पण जहाजाचं बरंच आयुष्य गोदीत जातं, आणि तिथला धोका कमी नसतो. २००६ च्या त्या चार जहाजांकडेच बघा. बैरूतच्या पाण्यातून तिन्ही युद्धनौका सुखरूप परत आल्या. पुढे ५ डिसेंबर २०१६ रोजी 'बेतवा' मुंबईच्या नौदल गोदीत, सुक्या गोदीतून बाहेर काढताना, एका कुशीवर कलंडली. दोन नौसैनिक गेले. आणि जुलै २०२४ मध्ये 'ब्रह्मपुत्रा'ला त्याच गोदीत दुरुस्ती चालू असताना आग लागली, तीही एका बाजूला आडवी झाली, एका नौसैनिकाचा बळी गेला. युद्धाच्या तोंडातून निघालेली जहाजं घराच्या अंगणात पडली. यावर बोट ठेवायचं ते कोणा एका व्यक्तीवर नाही. पण जहाजं बांधण्याचा जेवढा अभिमान आपण मिरवतो, तेवढं लक्ष ती सांभाळण्याकडे देतो का, हे विचारलं पाहिजे.

'मुंबई'ची मोठी दुरुस्ती याच नौदल गोदीत झाली. नौदलाच्या भाषेत 'मिड-लाइफ अपग्रेड', म्हणजे आयुष्याच्या मध्यावरची डागडुजी आणि नवी शस्त्रसामग्री. घर न पाडता आतल्या सगळ्या वायरी आणि नळ बदलण्यासारखा प्रकार. ते उरकून ८ डिसेंबर २०२३ रोजी ती विशाखापट्टणमला पूर्व ताफ्यात दाखल झाली. म्हणजे मुंबईत जन्मलेली, मुंबईचं नाव लावणारी विनाशिका बावीस-तेवीस वर्षांनी बंगालच्या उपसागरावर राहायला गेली.

गंमत अशी की 'विशाखापट्टणम' नावाची विनाशिका तेव्हा मुंबईत, पश्चिम ताफ्यात होती. तीही माझगावचीच. प्रकल्प १५ च्या पुढच्या दोन पिढ्या तिथेच बांधल्या गेल्या: 'कोलकाता', 'कोची', 'चेन्नई', मग 'विशाखापट्टणम', 'मुरगाव', 'इंफाळ', 'सुरत'. 'मुरगाव' हे आपल्या गोव्याचं नाव, डिसेंबर २०२२ मध्ये आलेलं. २०२४ च्या जानेवारीत हौथींच्या क्षेपणास्त्राने 'मार्लिन लुआंडा' हे तेलवाहू जहाज एडनच्या आखातात पेटलं, तेव्हा धावून गेली ती 'विशाखापट्टणम'. तिच्या अग्निशमन पथकाने त्या जहाजाच्या खलाशांसोबत आग विझवायला मदत केली. त्या खलाशांत बावीस भारतीय आणि एक बांगलादेशी होता. पाणी तेच, नऊ वर्षांपूर्वी 'मुंबई' उभी होती तेच.

'मुंबई'ने २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोलंबोला पहिली भेट दिली. वर ४१० माणसं होती. त्याच दिवशी चीनच्या तीन युद्धनौकाही कोलंबो बंदरात आल्या. वर्तमानपत्रांनी त्या योगायोगावर भरपूर शाई खर्च केली. 'मुंबई'ने आणलेल्या सामानात मात्र श्रीलंकेकडच्या डॉर्निअर विमानाचे सुटे भाग होते. समुद्रावर गस्त घालणारं ते विमान भारतानेच त्यांना दिलेलं. २९ तारखेला ती परत निघाली.

किती दिवस चालेल ही? मघाशी ज्या दुसऱ्या 'राजपूत'चं नाव घेतलं, ती २०२१ च्या मे महिन्यात, एक्केचाळीस वर्षांनी निवृत्त झाली. तोच हिशेब लावला तर 'मुंबई'ला २०४० पलीकडे जाता येईल. म्हणजे १९९२ च्या डिसेंबरात जिथे पहिली पट्टी बसली तिथे काम केलेला कामगार तेव्हा पणजोबा झालेला असेल.

पुढच्या वेळी याच गोदीत बांधलेल्या पाणबुड्यांबद्दल बोलू. प्रश्न असतील तर विचारा.